पोपटीत वाडीची मूठ

स्वयंपाकाचा क्लास करायला सुट्टीत परगावी निघालोय, असं सांगितल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, घरात सगळं ठीक आहे ना?" मी हसून सोडून दिलं. खरं कारण सोलापुरात सांगायची सोय नाही. ज्या गावात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यामागोमाग शेंगाची चटणी पुढे येते, त्या गावात आमच्या लेकीला, गार्गीला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नाही हो, चालत नाही. चार वर्षांची असताना एका लग्नात तिनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि हातातली पत्रावळ खाली पडायच्या आत तिचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं.

आता ती अकरा वर्षांची आहे. मधल्या सगळ्या वर्षांत ती चार माणसांच्या पंगतीत बसून, समोर आलेलं निवांत जेवली आहे, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. लग्न असो की बारसं, हिचा डबा घरून. वाढदिवसाला जायचं तर हिनं फक्त टाळ्या वाजवायच्या. हे सगळं माझ्या देखरेखीखाली चालतं आणि देखरेख हा माझा धंदाच आहे. मी शाळेत गणित शिकवतो आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझं थोडं नाव आहे. मुलांच्या बाह्या, पट्टीची मागची बाजू, बाटलीवरचं लेबल, सगळं मला तपासल्याशिवाय चैन पडत नाही. घरीही तेच. बायको म्हणते, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा आरोपी असल्यासारखा बघता.

वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोलाच हा क्लास कुठूनसा कळला. शिवथरच्या खोऱ्यात एका वाडीत मंदाताई नावाच्या बाई आपल्या घरी पाहुण्यांना ठेवून घेतात आणि तिकडचा स्वयंपाक हातानं करायला शिकवतात. वैशालीचं म्हणणं सरळ होतं. तिकडे शेंगदाण्याचं राज्य नाही, खोबऱ्याचं आहे. शिवाय स्वयंपाक आपणच करायचा, म्हणजे काय पडतंय ते डोळ्यांसमोर. गार्गीला एकदा तरी परक्या घरी जेवू दे. मी मंदाताईंना फोन करून सगळं सांगितलं. मग परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, टेन्शन नका घेऊ. पोरीला बाधतं ना? मग आमच्या घरात शेंगदाना नाय म्हंजे नाय." इतक्या चटकन कुणी हो म्हटलं की मला शंका येते.

वरंधा उतरताना

शाळेचं स्नेहसंमेलन झालं की मिळते त्या जानेवारीतल्या सुट्टीत आम्ही निघालो. गाडीत मी, वैशाली, गार्गी, तिचा सहा वर्षांचा भाऊ ओंकार, घरचं करडईचं तेल, घरचं मीठ, घरचा ओवा, आणि वैशालीच्या पर्समध्ये इंजेक्शनची डबी. ही डबी आमच्याबरोबर सगळीकडे असते. कुठेही गेलो की सर्वात जवळचा दवाखाना कुठे ते मी आधी विचारून ठेवतो. इथे उत्तर होतं महाड, आणि वाडीपासून महाडचा रस्ता काही सरळ नाही.

भोर सोडून घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली. आमच्याकडे जानेवारीत सगळं कसं पिवळं आणि मोकळं, नजर अडते ती फक्त एखाद्या लिंबाच्या झाडाशी. इथे डोंगर अंगावर येतात. ओंकारनं एका वळणावर उलटी केली आणि लगेच भूक लागली म्हणाला. वरंधला गाडी थांबवली. चहावाल्यानं मुलांना बिस्किटं देऊ केली. मी पुडा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचायला लागलो, तोवर गार्गीनं मान हलवून नको म्हणून टाकलं होतं. चहावाला म्हणाला, "पोरगी शिस्तीची हाय तुमची." मी पुडा परत दिला.

वाडी डोंगराच्या कुशीत आहे. गाडी खाली रस्त्यालाच ठेवावी लागते. भाताची खाचरं कापून रिकामी झालेली, आणि त्यांतच उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला. घरं थोडी, त्यातली काही कुलूपबंद. कुलपाच्या घरांतली माणसं मुंबईत असतात, गणपती-शिमग्याला येतात. मंदाताईंचे यजमानही तिकडेच एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहेत. मंदाताई पंचेचाळिशीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि बोलता बोलता "बुकिंग" आणि "कॅन्सल" हे शब्द सहज टाकणाऱ्या.

"या, घाटावरची मानसं आली!" असं म्हणून त्यांनी पोरांच्या पायांवर पाणी घातलं. आम्ही सोलापूरचे लोक इथे घाटावरचे. मी तेलाचा डबा पुढे केला. मला वाटलं होतं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, "आनलंत ते बरं केलंत. दोन दिस आमी पन ह्येच खाऊ." राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाल सोलायचे दिवस

क्लास म्हणजे एखादी ओट्याची खोली असेल, फळा असेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. इथे पडवीत पोतं अंथरलं होतं, त्यावर टोपलीत मोड आलेले वाल. मंदाताईंनी ते कोमट पाण्यात टाकले आणि मुलांना म्हणाल्या, "हां, आता बोटांनी दाबा. साल सोडून आतला बी उडाला पायजे." ओंकारनं पहिला वाल दाबला तो थेट माझ्या चष्म्यावर आला. त्यानंतर त्याला स्वयंपाकात रस निर्माण झाला. सोललेल्या वालांचं करतात ते बिरडं, आणि ते सोलणं हाच निम्मा स्वयंपाक. अर्ध्या तासात माझी बोटं सुरकुतली. गार्गी मात्र एक एक दाणा सोलून ओळीनं लावत होती आणि मंदाताईंना प्रश्न विचारत होती. "ह्या टोपलीत आधी काय होतं? हे फडकं कशाचं?" माझेच प्रश्न, माझ्याच क्रमानं. ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मी माझं काम करत होतो. मंदाताई पाट्यावर ओलं खोबरं, आलं, मिरची वाटायला बसल्या तेव्हा मी पाट्याजवळ वाकलो.

"ह्याच्यावर काल काय वाटलं होतं?"

"काल काय नाय. पाटा राखेनं घासलाय. दोनदा."

"दोनदा का?"

मंदाताईंनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी तीनदा फोन क्येलात म्हनून," त्या म्हणाल्या. वैशाली पदर तोंडाला लावून हसत होती.

भाकरीच्या वेळी मात्र वैशालीची फजिती झाली. ज्वारीची भाकरी थापण्यात आमच्या गल्लीत तिचा हात कुणी धरत नाही. इथे तांदळाच्या पिठाची आधी उकड काढायची, गरम असतानाच मळायची आणि पाण्याचा हात लावत लावत थापायची. आमच्याकडे भाकरीचा थपथप आवाज तीन घरं सोडून जातो, इथे आवाजच नाही. वैशालीनं सवयीनं जोर लावला आणि भाकरी परातीला चिकटून बसली. ओंकारची फाटली. गार्गीची जाड झाली पण फुगली. मंदाताई म्हणाल्या, "बघ गो, पयल्या भाकरीला वारा भरला! सासू खुश व्हईल." गार्गीनं ती भाकरी बिरड्याशी खाल्ली. परक्या घरातलं पहिलं जेवण. मी घास घास बघत होतो. काही झालं नाही. वैशालीनं मला कोपरानं ढोसलं, "आता तुम्हीही जेवा."

मी जेवलो. बिरडं कडसर, खोबऱ्यानं गोडसर, आणि खाली आमसुलाची किंचित आंबट चव. फार चांगलं होतं. पण जेवताना माझी नजर फळीवरच्या एका डब्याकडे गेली. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. मी बघतोय हे मंदाताईंच्या लक्षात आलं, आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठून त्यांनी तो डबा परातीमागे सरकवला.

घळ आणि डबा

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवथर घळ पाहायला गेलो. थंडीत धबधबा बारीक झालेला, पण घळीत शिरताना गारवा अंगावर येतो आणि आवाज आपोआप खाली जातो. ओंकारसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा. बाहेर एका आजीबाईंनी मुलांच्या हातावर प्रसाद ठेवला. गार्गीनं तो कपाळाला लावला आणि न खाता मागे हात करून माझ्या तळव्यावर ठेवला. मी मागितला नव्हता. मागे वळून बघितलंही नव्हतं तिनं, हात बरोबर कुठे असेल हे तिला ठाऊक होतं. त्या सुंदर जागेत मला एकदम भरून आलं आणि मी डोंगराकडे बघत उभा राहिलो.

परत आलो तर फळीवर डबा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, असेल काहीतरी. पण कॉपी पकडणाऱ्याला माहीत असतं, कागद जागेवर असतो तोवर काळजी नसते, तो जागेवरून हलला की समजावं. दुपारी मी पाहिलं, मंदाताई तो डबा पदराखाली धरून मागच्या दारानं गोठ्याकडे गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. मी वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरातला डबा त्यांनी कुठे ठेवायचा हे आपण ठरवायचं का?" मी म्हटलं, त्यांनी घरात शेंगदाणा नाही म्हणून सांगितलंय, गोठ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पोपटी होती. क्लासचा हा शेवटचा आणि मोठा धडा. तुमच्यापैकी जे घाटावरचे असतील त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, हा बांधाबांधावर उगवणारा उग्र वासाचा पाला. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, रताळी. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. तोंड पाल्यानं दडपून बंद करायचं, मडकं खाचरात उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा-काटक्यांचा जाळ. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र वाजलं की उघडायचं. तेल नाही, वाटण नाही, सगळं डोळ्यांसमोर. माझ्या दृष्टीनं ह्याहून सुरक्षित पदार्थ जगात नसेल.

मडकं कोरं होतं, मी आत हात घालून पाहिलं. वाल मंदाताईंच्या शेतातला, मुलांनीच तोडलेला. मीठ-ओवा आमचा. मुलांनी मडकं भरलं, मी उभा राहून पाहिलं. गळ्याजवळ बरीच जागा रिकामी राहिली होती. मंदाताई "राहू दे तेवढी" म्हणाल्या आणि पाला आणायला बांधाकडे वळल्या. वाडीतली माणसं एकेक करून जमायला लागली होती. सगळ्यांचं लक्ष मुलांकडे. एवढी चांगली संधी परत मिळणार नाही, असं म्हणून मी हळूच गोठ्याकडे निघालो.

डबा वैरणीच्या मागे होता. झाकण निघेना. शेवटी गुडघ्यात धरून ओढलं, ते निघालं आणि आतून असा भपकारा आला की म्हैससुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागली. सुकट होती. सुकवलेली बारीक कोळंबी. वैशालीनं फोनवर आम्ही मासे खात नाही असं सांगितलं होतं, म्हणून पाहुण्यांना वास नको, एवढ्यासाठी त्या बिचारीनं आपल्या रोजच्या तोंडी लावण्याची रवानगी गोठ्यात केली होती. मी झाकण लावलं, हात झटकले आणि फार समाधानानं परत आलो. गळ्यापर्यंत भरलेलं मडकं उपडं झालं होतं आणि जाळ लागला होता.

चर्र वाजल्यावर

त्या अर्ध्या तासासारखा निवांत वेळ मी गेल्या कित्येक वर्षांत घालवलेला नाही. अंधारून आलं होतं, सगळी वाडी जाळाभोवती बसली होती. ओंकार एका कुत्र्याशी बोलत होता. गार्गी बायकांमध्ये बसली होती आणि कुणीतरी तिच्या केसांत अबोली माळली होती. मंदाताईंनी पाणी शिंपडलं, चर्र वाजलं, पोरं ओरडली. काठीनं मडकं ओढून पोत्यावर ओतलं तशी वाफ उठली, पाल्याचा आणि ओव्याचा वास सगळीकडे भरला. शंका फिटलेली असूनही सवयीनं माझी नजर मंदाताईंच्या हातांवरच होती.

"थांबा! कुणी हात लावू नका!"

गार्गी उभी राहिली होती. दोन्ही हात पाठीमागे. "ओंकार, तू ते टाक खाली. टाक. आणि माझ्याजवळ येऊ नकोस."

ओंकारच्या हातात शेंग होती. वालाची नव्हती. मधे कंबर असलेली, जाळीच्या सालीची, सोलापुरात आंधळाही ओळखेल अशी. मग ढिगात मला त्या सगळीकडे दिसायला लागल्या.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. मंदाताईंना मी म्हणालो की मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, तुम्हाला माणसाच्या जिवाची किंमत आहे का. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. "सर, देवाशपथ, माज्या घरातून नाय..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. खाकी चड्डी, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल.

"तिला नका बोलू. मी टाकल्या."

हे विठूतात्या, शेजारच्या घरातले. पोपटी एका घराची होत नाही, हे मला तेव्हा कळलं. मडक्याचा तळ ज्याची पोपटी त्याचा, पण गळा वाडीचा. प्रत्येक घरानं आपली एक मूठ त्यात टाकायची, कुणी वालाची, कुणी कांद्याची, कुणी रताळ्याची. काय टाकलं ते विचारायचं नसतं, तशी पद्धतच नाही. मंदाताईंनी आदल्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीला शेंगदाना बाधतो. विठूतात्या तेव्हा वाडीत नव्हते, सोलापूरचे पाहुणे येणार एवढंच त्यांनी जायच्या आधी ऐकलं होतं. लेकीकडे तुडीलला गेले होते आणि दुपारच्या एसटीनं परतताना महाडच्या बाजारातून ह्या शेंगा घेऊन आले होते. मुद्दाम, आमच्यासाठी.

"मुंबईला व्हतो तवा आमच्या खोलीत तुमच्या सोलापूरचा मानूस व्हता," ते म्हणाले. "गावावरनं आला का शेंगाची चटनी आनायचा. आमी सगळी त्याच्यावर जगायचो. इतकी वर्सं झाली, त्याच्या गावचं कोन हिकडं आलं नवतं. म्हटलं, त्यांच्या पोरांना आपल्या घरचं वाटंल."

मला राग धरून ठेवायचा होता आणि तो धरायला जागा उरली नव्हती. तेवढ्यात वैशाली ओरडली, "अहो, हिचं मनगट बघा."

गार्गीच्या मनगटावर लाल चट्टा उठत होता. ओंकारनं शेंग उचलायच्या नादात तिला धरलं असावं. हात धुवून, गोळी देऊन आम्ही तिला खाली गाडीत आणलं. वैशालीनं इंजेक्शन उघडून हातात धरलं होतं. मी गाडी सुरू करून बसलो. दुसरा चट्टा उठला की महाडला निघायचं ठरलं. बाहेर सगळी वाडी उभी होती. कुणी खिडकीशी आलं नाही, कुणी घरीही गेलं नाही. गार्गी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, श्वास नीट आहे. तुमचाच लागलाय." मला रडू येत होतं आणि मी आरशात बघतोय असं दाखवत होतो. हळूहळू चट्टा फिका पडला. दुसरा उठला नाही.

वर आलो तेव्हा जाळ विझला होता. पोत्यावरचा ढीग तसाच होता, त्यावर टोपली उपडी घातलेली. वाडीतल्या एकाही माणसानं त्यातलं काही खाल्लं नव्हतं. मंदाताई म्हणाल्या, "पोरीला बाधलं, मग आमच्या घशाखाली कसं उतरंल?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. विठूतात्या दिसले नाहीत.

शेवटची सकाळ

बेत असा होता की पोलादपूरहून महाबळेश्वरला चढून घरी परतायचं. मी उजाडताच सामान बांधायला लागलो. वैशाली तयार होती. गार्गी म्हणाली, "मी नाही येत. माझी पोपटी राहिलीय."

मी तिला समजावलं. ओरडलोही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काल मी ओळखलं की नाही? तुम्ही होतात तिथे, आणि मी ओळखलं." ती मंदाताईंच्या घरात गेली आणि बराच वेळ त्या दोघींचं काहीतरी ठरत राहिलं.

तेवढ्यात मी एक काम उरकलं. कालचा ढीग पोत्यावर पडून होता. तो कुणी उचलायचा? वाडीतली माणसं उचलतो म्हणत होती, पण माझा कुणावर भरवसा नव्हता. एखादी शेंग वाटेत पडली, पोरांच्या पायाखाली आली तर? मी स्वतः बसून एक एक शेंग वेचली, साली वेचल्या, ओढ्यापलीकडे खड्डा करून सगळं पुरलं, वर दगड ठेवला. इतकं चोख काम दुसऱ्या कुणी केलं नसतं.

परत आलो तर बांधावर दुसरं कोरं मडकं होतं आणि त्याच्यामागे दगडावर गार्गी बसली होती. तळ भरून झाला होता. गळा रिकामा होता. आणि समोर आख्खी वाडी रांग लावून उभी होती, जशी शाळेत पोरं उभी राहतात.

गार्गी एकेकाला दोन्ही हात पुढे करायला सांगत होती. तळवे बघायची, उलटे करून बघायची, नखं बघायची, मग वाकून वास घ्यायची. नंतर मुठीत काय आणलंय ते उघडून बघायची. एका बाईला तिनं विचारलं, "हा कांदा कुठे ठेवला होतात?" त्या बाईनं शिपायानं साहेबाला द्यावं तसं उत्तर दिलं. कुणी हसत नव्हतं, कुणाला राग येत नव्हता. मला वाटलं होतं ही माणसं दुखावतील. मी असतो तर दुखावलो असतो.

विठूतात्यांची पाळी आली. कोपरापर्यंत हात राखेनं घासून लाल झाले होते. मुठीत त्यांच्या शेतातला वाल होता. "बघ गो बाय, नीट बघ," ते म्हणाले. त्यांना वर बघवत नव्हतं. गार्गीनं बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. उगीच माफ केल्यासारखं दाखवलं नाही, खरंच तपासलं. मग म्हणाली, "घाला, आजोबा." म्हाताऱ्यानं मूठ मडक्यात सोडली आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

मी रांगेत शेवटी होतो. रताळं घेऊन पुढे झालो. गार्गीनं माझे हात हातात न घेता, लांबूनच वाकून वास घेतला आणि मागे सरली.

"बाबा, कालचं तुम्ही उचललंत?"

"हो. सगळं. एक शेंग सोडली नाही."

"कशानं उचललंत?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून सालीची पूड होती.

"मग तुम्ही मागे व्हा," ती म्हणाली.

तेव्हा मात्र वाडी हसली. मंदाताईसुद्धा हसल्या, कालपासून पहिल्यांदा. विठूतात्या तांब्या घेऊन आले, माझ्या हातावर पाणी घालत राहिले आणि मी राखेनं घासत राहिलो. परत गेलो. तिनं वास घेतला, "येतोय अजून." परत घासले. तात्या म्हणाले, "नखांत घ्या सर, नखांत ऱ्हातं." तिसऱ्यांदा गेलो तोवर तिनं पाला दडपून मडक्याचं तोंड बंद केलं होतं.

"उगाच कशाला जोखीम घ्यायची?" असं म्हणाली. हे वाक्य घरी मीच म्हणतो, पण मला ते इतकं पटलं नव्हतं कधी.

मला खाचराच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. चर्र वाजलेलं तिथवर ऐकू आलं. मडकं ओतलं, वाफ उठली, आणि त्या ढिगाभोवती सगळी वाडी गोल बसली. वैशाली, ओंकार, मंदाताई, विठूतात्या, नावं माहीत नसलेली माणसं. सगळ्यांचे हात एकाच ढिगात, आणि त्या हातांमध्ये गार्गीचा हात. आज मी तिच्या जवळ नव्हतो, काय उचलते ते मला दिसत नव्हतं. त्या मडक्यात प्रत्येक घराची मूठ होती, फक्त माझी नव्हती. गार्गी पोटभर जेवली.